स्क्रूचा पाऊण फेरा

दादाच्या पाठीला जखम होऊ द्यायची नाही, एवढं एकच काम वहिनीकडे आणि माझ्याकडे होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सुटी देताना ते स्पष्ट सांगितलं होतं. मणका गेला, कमरेखालचं काही परत येणार नाही, त्याची आशा सोडा. पण अशी माणसं मणक्यानं दगावत नाहीत, पाठीच्या जखमा चिघळून दगावतात. एका कुशीवर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. त्याला दुखणार नाही, म्हणून तो सांगणार नाही. तुम्हीच बघत राहायचं.

दादा माझा थोरला भाऊ. कापसानं भरलेल्या ट्रॉलीवर बसून तो अकोटच्या जिनिंगला चालला होता. आमच्याकडे सगळेच तसे बसतात, मीही लहानपणापासून बसलो आहे. कापूस मऊ लागतो, थंडीत खालून ऊब येते, डोळा लागतो. त्याचाही लागला असणार. एका पुलाच्या वळणावर तो घसरला आणि कठड्यावर पाठ आदळली. पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं गावातल्या घरात राहायला साफ नकार दिला. पहिल्याच आठवड्यात भेटायला येणाऱ्यांनी त्याला बेजार केलं होतं. बायका दारातूनच तोंडाला पदर लावायच्या, म्हातारे उशाशी बसून कोण कोण कसं पडलं आणि कसं मेलं ते सांगायचे.

"लोकं मले पाह्याले येऊन राहिले," तो म्हणाला. "मी काय जत्रेतला पाळणा आहो? मले वावरात नेऊन ठेव."

गावापासून अडीच किलोमीटरवर आमचं वावर, म्हणजे शेत. तिथं दोन खोल्या होत्या, पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत राहायला बांधलेल्या. खाट दारासमोर टाकली की तूर दिसते, कपाशी दिसते. त्याला एवढंच हवं होतं. वहिनी भांडी बांधायला लागली. त्यांची एकुलती एक मुलगी अमरावतीला दिलेली, तिच्या पदरात दोन लहान. मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात देखभालीचा इलेक्ट्रिशियन, आठवड्याच्या सुटीला मोटारसायकलवरून येणारा. म्हणजे दादाजवळ खरं माणूस एकच, वहिनी.

आमचं वावर मूर्तिजापूरपासून आत, पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं विहीर खणली की खारं पाणी लागतं. माणसानं प्यायलं तर पोट बिघडतं, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. म्हणून ओलीत नाही, ओलीत नाही म्हणून पंप नाहीत, आणि पंप नाहीत म्हणून विजेचे खांब कधी वावरांकडे वळले नाहीत. गोड पाणी फक्त नळाचं, तेही गावात, तेही त्याच्या मर्जीनं. त्या पाण्याचा घरात मान असतो. त्याचा माठ वेगळा, ते काढायचं ओगराळं वेगळं. त्यानं कोणी हात धूत नाही, डाळ धूत नाही. लहानपणी मी एकदा गोड पाण्यानं चूळ भरली म्हणून आईनं मला लाटणं फेकून मारलं होतं, आणि बाबांनी तिचीच बाजू घेतली होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागेल.

दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसाही आणि रात्रीही. वहिनी गजराच्या घड्याळावर जगायला लागली. तीन महिन्यांत तिचे डोळे खोल गेले. एकदा भाकरी टाकता टाकता डुलकी लागली आणि मनगट तव्याला चिकटलं. मग डॉक्टरांनीच हवेची गादी सांगितली. तिला आडव्या नळ्या असतात आणि सोबत एक छोटा पंप. एक आड एक नळ्या फुगतात, थोड्या वेळानं त्या बसतात आणि मधल्या फुगतात, त्यामुळे अंगाचा एकच भाग सतत दाबला जात नाही. ती गादी चालू असली की वहिनीला सलग चार-साडेचार तास झोपता यायचं. त्या पंपाला वीज अगदी थोडी लागते, पण चोवीस तास लागते. आणि वावरात वीज नव्हती.

सुरुवातीला मी एक मोठी बॅटरी आणि लहान इन्व्हर्टर आणून दिला. बॅटरी उतरली की वहिनी ती बैलगाडीत घालून गावात न्यायची, आमच्या घरी चार्जिंगला लावून दिवसभर तिथं बसायची आणि संध्याकाळी परत आणायची. तेवढा वेळ दादा खाटेवर एकटा, बसलेल्या गादीवर; शेजारच्या वावरातलं कोणी मधेमधे येऊन कूस बदलून जायचं.

"सोलर काहून नाई घेत भाऊजी?" वहिनीनं विचारलं होतं. मी म्हणालो, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, आणि वावरातलं पॅनेल चोरीला जातं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण माझं कारण ते नव्हतं. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उघडून, गुंडाळून, पुन्हा उभ्या केल्या आणि सख्ख्या भावासाठी बाजारातून तयार माल आणू? मला ते माझ्या हातानं करायचं होतं, आणि दादानं ते बघायला हवं होतं. लहानपणी मी घरातला रेडिओ खोलला होता आणि मला तो परत बसवता आला नव्हता. तेव्हापासून तो मला चिडवायचा, की तुले खोलाची अक्कल देल्ली देवानं, बसवाची नाई देल्ली. चाळीस वर्षं ऐकत होतो. सोलर घेतलं असतं तर सोबत तयार कंट्रोलर आला असता, गरमी-थंडी पाहून आपला आपण चार्जिंगचा आकडा बदलणारा. आता हे लिहिताना हात थांबतो. तेव्हा मला ते कमीपणाचं वाटलं होतं.

तर मी पवनचक्की केली. ट्रकच्या चाकाचा जुना हब घेतला, त्याच्या तबकडीवर चुंबकं चिकटवली, तांब्याच्या तारेची वेटोळी नांदगाव पेठच्या खोलीवर बसून गुंडाळली. पाती पीव्हीसी पाइप चिरून तासली. ओलिताचे पाइप, जे आमच्या वावरात कधी लागलेच नव्हते. बोअरचा जुना लोखंडी पाइप खांब म्हणून उभा केला, तीन बाजूंनी तारा ताणल्या. दादा खाटेवरून सूचना द्यायचा. हे तिरपं झालं, ते ढिलं झालं. एकदा मी चिडून पक्कड फेकली. तो म्हणाला, "फेक, फेक. म्या उचलून देतो थांब." आणि स्वतःच हसला. मला मात्र हसता आलं नाही.

बॅटरीचं एक असतं. तिला कमी दिलं तर ती आतून निकामी होत जाते, आणि जास्त दिलं तर आतलं पाणी उकळून उडतं. भरत आली की थांबावं लागतं. विजेच्या लाइनवर थांबणं सोपं, बटण बंद केलं की झालं. वाऱ्याचं बटण नसतं. चक्कीची तार बॅटरीवरून काढली तर तिच्यावरचा भारच जातो आणि ती सुसाट सुटते, पाती तुटेस्तोवर. म्हणून जास्तीची वीज कुठं तरी जिरवावी लागते. मी शेगडीच्या कॉइलचे तुकडे करून शेजारीशेजारी जोडले आणि विटांच्या खोक्यात बसवले. मधे एक लहानशी सर्किटची पाटी लावली. बॅटरीचा व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याला पोचला की रिले 'टक्' करायचा आणि वीज कॉइलमधे जाऊन जळायची. व्होल्टेज उतरला की पुन्हा 'टक्', आणि वीज परत बॅटरीला. तो आकडा ठरवायला पाटीवर एक बारीक स्क्रू होता, मुगाच्या दाण्याएवढा. जानेवारीतल्या एका गार सकाळी मीटर लावून मी तो स्क्रू चौदा पॉइंट चारवर आणून ठेवला.

त्या सकाळी चक्की फिरली. वारा बेताचाच होता, पण फिरली, आणि पंप बॅटरीवर घुरघुरायला लागला. दादा बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "बसवता येते लेका तुले." कारखान्यात मला दोन वेळा शाल-नारळ मिळाला आहे, त्याचं मला काही नाही. हे एक वाक्य मी त्या दिवशी मोटारसायकलवर नांदगाव पेठपर्यंत मोठ्यानं म्हणत गेलो.

वारा पडला की बॅटरी बैलगाडीत चढायचीच, पण आठवड्यातून एकदा, कधी दोन आठवड्यांतून. वहिनीनं कॉइलच्या खोक्यावर एक पातेलं ठेवायला सुरुवात केली. वारा जास्त असला की त्यात खारं पाणी गरम व्हायचं आणि त्यानं ती दादाचं अंग पुसायची. तिच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. दादाची पाठ मी दर खेपेला स्वतः बघायचो, माकडहाड, टाचा, खांदे. कातडी कोरडी आणि साफ होती.

मग मे महिना आला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी जो वारा सुटतो तो भट्टीतून आल्यासारखा असतो. मी सुटीला गेलो होतो. अकरा वाजल्यापासून कॉइल लाल होती. रिले टक्, टक्, टक्. मी पत्र्याच्या पडवीत, बॅटरीशेजारी, घाम पुसत बसलो होतो आणि माझं डोकं तापत होतं. पहाटे वारा पडतो तेव्हा बॅटरी थोडी उतरलेली असते, हे मी पाहिलं होतं. आणि इथं भर दुपारी एवढी वीज विटांमधे जळते आहे. आम्ही पेल्यात उरलेलं घोटभर पाणी तुळशीला घालणारी माणसं. काही वाया जाताना बघवत नाही आम्हाला. मी खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो मुगाएवढा स्क्रू पाऊण फेरा पुढे नेला. मीटरवर पंधरा आलं. टक्टक् थांबली.

"काय करून राहिला बे?" दादानं खाटेवरून विचारलं.

"वारा वाया जाऊन राहिला."

"जाऊ दे ना. कोनाच्या बापाचा आहे?"

मी हसलो. गरमीत तो आकडा खाली आणायचा असतो, वर नाही, हे मला ठाऊक होतं. आयटीआयच्या पुस्तकात होतं, बॅटरीच्या अंगावर छापलेलं होतं, कारखान्यात नव्या मुलांना मी स्वतः शिकवत होतो. चौदा पॉइंट चार थंडीतला. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली, तो तेरा पॉइंट आठवर आणायला हवा होता. मी तो पंधरावर नेला. एवढ्यानं काय होतं, असं म्हणालो असेन मनात. पुढच्या सुटीला येऊन बघू, असंही.

पुढची सुटी दोन महिने आली नाही. कारखान्यातले दोन इलेक्ट्रिशियन सोडून गेले आणि मी एकटा दोन पाळ्या करत होतो. वहिनीचा फोन यायचा.

"भाऊजी, ब्याटरीतून बुडबुड आवाज येते."

"येऊ द्या. भरून राहिली ती."

"पानी लवकर कमी होते हो."

"डब्यातलं टाका." डबा म्हणजे बॅटरीच्या शुद्ध पाण्याचा पाच लिटरचा डबा, मी आणून ठेवलेला. एवढ्या पाण्यात वर्ष काढता आलं असतं. ते महिन्याभरात संपत आलं, हे तिनं मला सांगितलं, आणि मी ऐकलं नाही. मोटारींचा आवाज होता, हे एक. दुसरं म्हणजे मला ऐकायचंच नव्हतं. डबा पूर्ण संपल्यावर तिनं फोन केला नाही. भाऊजी कामात आहेत, उगीच कशाला, असं तिला वाटलं.

जुलैत पाऊस लागला. आमच्या काळ्या मातीत पाऊस लागला की वावराची वाट बंद होते. बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं, मोटारसायकलचं नावच नको. त्याच आठवड्यात फोन आला. गादी बसून राहिली, चक्की फिरते पण पंप दोन तासांत बंद पडते. मी म्हणालो, उद्या येतो. गेलो चौथ्या दिवशी सकाळी. गावात गाडी ठेवली आणि चपला हातात घेऊन अडीच किलोमीटर चिखल तुडवला. पोचलो तेव्हा वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तीन दिवस आणि तीन रात्री ती दोन-दोन तासांनी कूस बदलत होती, आणि आदल्या दिवशी केव्हा तरी तिचा डोळा लागला होता. किती वेळ, तिलाही सांगता आलं नाही. दादाच्या माकडहाडावर रुपयाएवढा डाग होता, जांभळट, मधे काळा. मी बोट लावलं. दादा म्हणाला, "काय झालं? काय आहे तिथी?" त्याला काहीच कळत नव्हतं.

मी पडवीत गेलो आणि बॅटरीची बुचं उघडली. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, वाकड्या झाल्या होत्या. मी तिथूनच ओरडलो.

"वयनी, कोन्तं पानी टाकलं यात?"

ती आली. "डब्यातलं सरलं होतं. मंग माठातलं टाकलं. गोड." आणि मग जरा अभिमानानंच म्हणाली, "विहिरीचं नाई टाकलं हो. एक थेंब नाई."

मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. "बॅटरी का पाहुनी आहे, माठातलं पाजाले? कोनी माणसाचं पानी मशीनले टाकते का? मारून टाकली तुमी! मारून टाकली!" पडवीचा पत्रा घुमला. वहिनी पदर हातात घेऊन उभी राहिली. आतून दादाचा आवाज आला.

"हळू बोल बे."

मी काही तरी उलट बोललो. तेव्हा तो म्हणाला, "महिनाभर खारं पिऊन राहिली थे. ब्याटरीले अन् मले पुरलं पाह्यजे म्हनून. पोट बिघडलं तिचं. तू हळू बोल."

वहिनी घाईनं म्हणाली, "नाई हो, तसं काही नाई," आणि चुलीकडे गेली. तेव्हाच माझी नजर सर्किटच्या पाटीवर गेली. मुगाएवढा स्क्रू, पाऊण फेरा पुढे. मी विसरलो होतो, खरंच विसरलो होतो. पण आता आठवलं, आणि आठवल्यावर मी काय केलं? मी चुलीकडे पाठ केली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो स्क्रू परत मागे फिरवला. वहिनीनं पाहिलं नाही. दादा खाटेवर होता, दार उघडं होतं. त्यानं पाहिलं.

गावातल्या दोघांच्या मदतीनं बॅटरी वाशाला बांधून गावापर्यंत आणली आणि मूर्तिजापूरला एका जुन्या बॅटरीवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी बुच उघडून आत टॉर्च मारला.

"भाई, ये तो उबाली हुई है," ते म्हणाले.

मी म्हणालो, घरात कोणीतरी नळाचं पाणी टाकलं होतं.

"नल के पानी से लंगडाती, मरती नहीं इतनी जल्दी. पहले किसीने उबाली, पानी बाद में डाला." त्यांनी टॉर्च बंद केला. "जिसने पानी डाला ना, उसने तो पंद्रा-बीस दिन ज्यादा चलाई इसको."

मी नवी बॅटरी घेतली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी ती चिखलातून वावरात पोचली, पंप सुरू झाला, गादी फुगली. पण डाग वरून रुपयाएवढा होता आणि आत हाडापर्यंत होता. आठ दिवसांत तो उघडला. पंधराव्या दिवशी दादाला हुडहुडी भरून ताप आला, आणि आम्ही त्याला खाटेसकट चौघांनी उचलून गावात आणलं, तिथून गाडीनं अकोल्याला.

दवाखान्यात एका दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. दादा डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपला आहे.

"तो स्क्रू बसवला का बे जागेवर?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "हो."

"वयनीले सांगजो."

मी मान हलवली. त्याचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून मग तोंडानंही हो म्हणालो. रागावला असता तर बरं झालं असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावात बैलांचे खांदे शेकत होते त्या संध्याकाळी, तो गेला.

तेरा दिवस गावातल्या घरी माणसं येत होती, तीच माणसं ज्यांना टाळायला तो वावरात गेला होता. वहिनी प्रत्येकाला सांगायची, "माया हातानं झालं. म्या ब्याटरीत माठातलं पानी टाकलं. भाऊजीनं एवढं करून देल्लं होतं, म्या घालवलं." बायका म्हणायच्या, तुले काय मालूम बाई, तू काय शिकलेली आहे का. मी तिथंच होतो, त्याच सतरंजीवर, हातभर अंतरावर, टक्कल केलेलं डोकं खाली घालून. पहिल्या दिवशी वाटलं, इतक्या लोकांत नको, सगळे गेले की सांगू. मग वाटलं, तेरवी होऊन जाऊ द्या. मग वर्षश्राद्ध. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. आपण किती भित्रे आहोत हे एकदा कळलं की माणूस त्याच्याशीही जुळवून घेतो, हे मी त्या काळात शिकलो. मी दर सुटीला तिच्याकडे जात होतो, दळण आणून देत होतो, नळाला मोटर लावून दिली. तिचं गोड पाणी आता घरापर्यंत येतं.

या उन्हाळ्यात मी वावरात जाऊन चक्की उतरवली. तिच्यातून येणाऱ्या विजेच्या तिन्ही तारा मीच एकमेकींना पिळून ठेवल्या होत्या; तसं केलं की चक्की जखडते, फिरत नाही. तरी पाती वाऱ्यावर जराजरा हलत होती. सर्किटची पाटी खोलून खिशात घातली आणि गावात वहिनीकडे गेलो. ती गहू निवडत होती. मी समोर बसलो, पाटी तिच्या सुपाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. स्क्रू दाखवला. किती होता आणि किती केला ते सांगितलं. चाचा काय म्हणाले तेही सांगितलं, तिच्या पाण्यानं बॅटरी पंधरा-वीस दिवस जास्त चालली हेही. दादानं मला काय सांगायला सांगितलं होतं आणि मी दोन वर्षं ते का सांगितलं नाही, तेही. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा उठून आत जाईल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

तिनं खडे बाजूला काढले, सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत तिनं इतक्या मायेनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिले तुमी."

"नाई वयनी. शपथ घेतो. हा स्क्रू—"

"तुमी बनवलेली वस्तू कदी बिघडली का? इतकी वर्सं मोटारी सुदरवता. म्या पानी टाकलं, मले मालूम नाई का? या हातानं टाकलं."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा, पत्र्याखाली चढला होता तसाच. ती ऐकत होती, मधेमधे मान हलवत होती. हट्टी मुलाचं ऐकून घेतात तसं. मी थांबलो तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले.

"तुमच्या दादाचाच स्वभाव आहे तुमचा. थेही दुसऱ्याचा दोस आपल्यावर घ्याचे."

मी तिच्या पाठीमागे पाहिलं. कोपऱ्यात माठ होता, ओगराळं उपडं ठेवलेलं, आणि माठाला लागूनच बॅटरीच्या शुद्ध पाण्याचा पाच लिटरचा डबा, सील न फोडलेला, वर धूळ. केव्हा आणला, मी विचारलं. तेरवी झाली तवाच आणला, ती म्हणाली. म्हटलं घरात असलेला बरा. घरात बॅटरी नव्हती. बॅटरीची कसली गरजही उरली नव्हती.

मी पाटी परत खिशात घातली. आता कोणाला सांगू? ज्याला माहीत होतं तो गेला, आणि जिला सांगायचं होतं तिला मी इतका उशीर केला की माझं खरंही तिला आता माझा चांगुलपणा वाटतो. ती उठली, माठातून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. "उन्हातून आले, पानी घ्या. गोड आहे," ती म्हणाली. मी ते सगळं पाणी प्यायलो, आणि ती समोर उभी राहून पेला रिकामा व्हायची वाट बघत होती.